बॉनेटखालची गरम हवा: घरगुती जुगाडाने आयएटी खरंच उतरतं का?

अर्धाक्लच (धागाकर्ता)

गाडी सेकंडहँड घेतलेली, १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही. उन्हात दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये अडकली की पुढचा किलोमीटरभर पाय ओढत चालते. पुलाची चढण आली तर दुसऱ्या गिअरमध्येही जीव नसतो. मोकळा रस्ता मिळाला की हळूहळू शुद्धीवर येते.

प्लग, फिल्टर, क्लच, पेट्रोलचा दाब, सगळं तपासून झालं. शेवटी ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं) लावलं आणि फोनवर आकडे बघत बसलो. बाहेर ३४ अंश असताना ताशी ८० च्या वेगात इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान (पुढे नुसतं आयएटी म्हणतो) ५३ अंश. दहा मिनिटं चालू ठेवून उभी केली तर ७१! कूलंट मात्र नव्वदीतच. म्हणजे इंजिन तापत नाहीये, ते जी हवा पितंय ती तापलेली आहे.

रविवारी पहिला प्रयोग केला. फिल्टरचा डबा आणि थ्रॉटलपर्यंतचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतचा) रबरी पाइप, दोन्हीला चकचकीत अॅल्युमिनियम टेप गुंडाळली. बॉनेट उघडलं की आत उपग्रह ठेवल्यासारखं दिसतंय. निकाल: चालताना ५२, उभी असताना ६८. एवढ्यासाठी अख्खी सकाळ गेली आणि अंगठा कापला तो वेगळाच.

तयार किट घ्यायचं नाहीये. हाताने करण्यासारखं काही असेल तर सांगा.


पाना_दहा_नंबर

फिल्टरचा डबाच काढून टाका आणि उघडा कोन फिल्टर बसवा. आवाज असा येतो की बास. मी लावलाय, गाडी पळते.


ग्रीसबोटे

पाना, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं हो. डबा काढलात की फिल्टर थेट रेडिएटरच्या मागची हवा ओढणार. रेडिएटरमधून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच घुटमळत असते. कंपनीचा डबा दिसायला कुरूप असला तरी त्याचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागे किंवा फेंडरच्या पोकळीत नेलेलं असतं, ते बाहेरची हवा मिळावी म्हणूनच. तुमच्याकडे डोंगल असेल तर सिग्नलला उभे असताना एकदा आयएटी बघा आणि इथे टाका.

अर्धाक्लच, फॉइलबद्दल. चकचकीत फॉइल अडवते ती किरणांनी येणारी उष्णता, म्हणजे समोर लालबुंद एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) असेल तर तिचा उपयोग. तेव्हासुद्धा फॉइल आणि वस्तू यांच्यात थोडी मोकळी जागा हवी. तुमच्या गाडीत एक्झॉस्ट मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) आणि फिल्टर पुढे असेल, तर डब्याला उष्णता मिळते ती भोवतालच्या गरम हवेकडून. ती फॉइलला जुमानत नाही.

उलट एक गंमत बघा. गुंडाळलेला डबा तापतो उशिरा, पण निवतोही उशिरा. ट्रॅफिकमधून सुटल्यावर आयएटी खाली यायला आता किती वेळ लागतो? फॉइलच्या आधीचा आकडा टिपून ठेवलाय का?


अर्धाक्लच (धागाकर्ता)

ताई, बरोबर पकडलंत. आधीचं रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे. फॉइलच्या आधी ७१ वरून ५५ ला यायला चार मिनिटं, आता ६८ वरून ५५ ला यायला साडेपाच. म्हणजे मी हौसेने थर्मास बनवला.


काटेकोर

थोडं गणित मांडतो, म्हणजे कशाच्या मागे लागायचं ते ठरेल.

हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. ५३ अंश म्हणजे ३२६ केल्विन, आणि समजा ४१ वर आणलं तर ३१४ केल्विन. बारा अंश उतरवले तर घनता वाढते ३.८ टक्के. लोक इथेच थांबतात आणि "चार टक्के ताकद" म्हणून मोकळे होतात. पण थंड हवा गरम इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटणारा पाइप), पोर्ट आणि व्हॉल्व्हजवळून जाताना जास्त उष्णता उचलते, त्यामुळे सिलिंडरपर्यंत सगळा फायदा टिकत नाही. म्हणूनच एसएई जे १३४९ या मानकात पेट्रोल इंजिनाच्या चाचणीचं तापमान दुरुस्त करताना तापमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतात. त्या हिशेबाने बारा अंशांचे मिळतात जेमतेम दोन टक्के. एसी बंद केल्यावर मिळते ती ताकद याहून जास्त.

आणि ही दोन टक्के फक्त पाय पूर्ण दाबल्यावर. एरवी थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो. हवा दाट झाली तर तुम्ही नकळत पाय किंचित उचलता, झालं.


तिरपा_आरसा

दोनच टक्के असतील तर धागाकर्त्याची गाडी पाय का ओढते? मला तर यात काही दम वाटत नाही. क्लच घसरत असेल.


ग्रीसबोटे

ती दोन टक्के घनतेची. पाय ओढण्याचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे इग्निशन टायमिंग. हवा गरम असली की नॉकिंगचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोका वाढतो, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आयएटी बघून ठिणगी उशिरा टाकतो. ५० पर्यंत फारसं काही करत नाही, पुढे मात्र हात आखडता घेतो. किती आणि कुठून हे प्रत्येक गाडीच्या प्रोग्रॅमिंगवर. अर्धाक्लच, डोंगलच्या अॅपमध्ये टायमिंग अॅडव्हान्स नावाचा आकडा असेल. एकाच चढणीवर, एकाच गिअरमध्ये, गार असताना आणि ट्रॅफिकनंतर, दोन्ही वेळा नोंदवा.


एक_थेंब_ऑइल

सोपा उपाय सांगू? आयएटी सेन्सरला एक रेझिस्टर लावायचा. ईसीयूला वाटतं हवा गार आहे, टायमिंग पुढे. दोन तारांचं काम, एक रेझिस्टर पुरतो.


ग्रीसबोटे

थेंबभाऊ, हे कृपया कुणी करू नका. सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर, तापला की रोध कमी होतो. त्याला रेझिस्टर जोडून ईसीयूला फसवता येतं, हे खरं. पण हवा गरमच राहते. टायमिंग मागे घेण्यामागचं कारण जागच्या जागी आहे, तुम्ही फक्त पहारेकऱ्याच्या डोळ्यावर पट्टी बांधलीत. नॉक सेन्सर थोडंफार सांभाळून घेईल, पण भर उन्हात, भरलेल्या गाडीने, चढणीवर पिस्टनची परीक्षा कशाला घ्यायची? शिवाय हवा मोजायला मॅप सेन्सर (दाब मोजणारा) असलेल्या गाड्यांत ईसीयू हवेचं वजन दाब आणि तापमानावरून काढतो. खोटं तापमान दिलं की पेट्रोलचा हिशेबही चुकतो.


एक_थेंब_ऑइल

बरं बाई, काढतो. (लावलाच होता.)


शांत_सायलेन्सर

माझ्याकडे अनेक वर्षं कार्ब्युरेटरवाली गाडी होती. तिच्या फिल्टरच्या डब्याला एक जाडसर नळी चक्क एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून यायची. म्हणजे कंपनीच मुद्दाम गरम हवा पाजायची! आत एक झडप, गारठ्यात गरम हवा, उन्हाळ्यात बाहेरची. कारण पेट्रोलचं बाष्पीभवन होताना कार्ब्युरेटर इतका थंड पडतो, की दमट हवेत बाहेर दहा-बारा अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. ती झडप गरम बाजूला अडकून बसली की उन्हाळ्यात गाडी अशीच मरगळायची. तुमची इंजेक्शनवाली असल्याने तो प्रश्न नाही, पण आठवलं म्हणून लिहिलं.


पाना_दहा_नंबर

मोजलं. सिग्नलला ७८. चालताना ५८. मी आता काही बोलत नाही.


काटेकोर

@पाना, मोजून कबूल केलंत, मानलं.

अर्धाक्लच, आणखी एक हिशेब. १.२ लिटरचं इंजिन ३००० फेऱ्यांना साधारण २४ लिटर हवा सेकंदाला ओढतं (चार स्ट्रोक, भरणा ८० टक्के धरून). ६० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून ती साडेआठ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. अर्धा मीटर पाइप पार करायला लागतात ०.०६ सेकंद. एवढ्या वेळात पाइपच्या भिंतीकडून हवा किती तापणार? म्हणजे चालत्या गाडीत आयएटी बाहेरच्यापेक्षा १९ अंश जास्त असेल, तर हवा पाइपमध्ये तापत नाहीये. ती आत शिरतानाच गरम आहे.

डब्याचं तोंड नेमकं कुठे आहे? बॉनेट उघडून फोटो टाका.


अर्धाक्लच (धागाकर्ता)

फोटो टाकलाय. डब्याच्या पुढच्या बाजूला चौकोनी भोक आहे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीपासून चार बोटं मागे. त्याला पुढे काही जोडलेलं नाही. मला वाटलं असंच असतं.


ग्रीसबोटे

असंच नसतं! भोकाच्या कडेला दोन खाचा दिसतायत आणि वरच्या पट्टीवर स्क्रूचं एक रिकामं छिद्र. तिथे प्लास्टिकचा चपटा स्नॉर्कल असायला हवा, तो पट्टीवरून पुढे जाऊन जाळीमागे उघडतो. कुणीतरी हेडलॅम्प किंवा रेडिएटर काढताना तो काढलाय आणि परत लावलेला नाही. तुमची गाडी इतके दिवस रेडिएटरचा उच्छ्वास पितेय.


तिरपा_आरसा

हे घ्या! आणि आपण वर्गमूळ काढत बसलो होतो.


अर्धाक्लच (धागाकर्ता)

मागच्या मालकाने सांगितलं, किरकोळ धडक झाली होती, पुढचा भाग एका गॅरेजमध्ये दुरुस्त केला. स्नॉर्कलचं नावही त्याने ऐकलं नव्हतं. सुटा भाग मिळायला वेळ लागणार आहे, तोवर स्वतः बनवू का? घरी पीव्हीसीचा पाइप पडलाय.


ग्रीसबोटे

बनवा की. चार गोष्टी सांभाळा.

पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. जाळीमागे चालेल, रेडिएटरच्या मागे टेकू देऊ नका, वाकडं होईल. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर असतं ते काळं नायट्राइल रबर पुष्कळ टिकतं, बाहेरून गुंडाळायला तेच घ्या. थर्मोकोल अजिबात नको, उष्णतेने आक्रसतो आणि पेट्रोलचा थेंब पडला तर विरघळतो.

खळग्याखळग्यांची लवचिक नळी वापरायची असेल तर ताणून सरळ ठेवा. कुठेही मूळ डब्याच्या तोंडापेक्षा निमुळती नको, नाहीतर तापमानात कमावलेलं दाबात गमवाल.

जे काही कराल ते फिल्टरच्या आधी. फिल्टर ते थ्रॉटल हा भाग जसा आहे तसा. एमएएफ सेन्सर (हवेचा प्रवाह मोजणारा) असलेल्या गाड्यांत तिथे वळण जरी बदललं तरी रीडिंग बिघडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड खाली बंपरजवळ नेऊ नका. गार हवा खाली जास्त मिळते म्हणून अनेकांना मोह होतो. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनाने एक घोट ओढला की संपलं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन टक्के ताकदीसाठी अख्खं इंजिन. कंपनीने तोंड वरच्या पट्टीवर ठेवलंय ते याचसाठी.


धूरकट_काच

मी बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर टाकून मागची कड बोटभर उचललीये. उभी असताना त्या फटीतून गरम हवेचा झोत येतो, हात धरून बघा. हे कसं वाटतं?


काटेकोर

उभी असताना उपयोग होतो, नाकारत नाही. पण गाडी वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तेव्हा त्या फटीतून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत शिरू पाहते, आणि रेडिएटरमधून हवा निघून जायला अडथळा होतो. शिवाय केबिनमध्ये जाणारी हवाही तिथूनच घेतली जाते. एक्झॉस्टची गॅस्केट किंचित जरी गळत असली तर तो धूर थेट तुमच्या नाकात. वरून बॉनेटचं कुलूप आणि बिजागरी धडकेच्या हिशेबाने बसवलेली असतात, ती हलवलीत. मी तरी काढून टाकीन.


शांत_सायलेन्सर

थ्रॉटल बॉडीतून कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात, त्या एकमेकींना जोडून थ्रॉटल वगळायचा, हा उपाय कुणी केलाय का? सगळीकडे वाचतो.


ग्रीसबोटे

केलाय, एका गाडीवर. थ्रॉटलची बॉडी हाताला गार लागते, मन प्रसन्न होतं, आयएटीत फरक शून्य. साहजिक आहे, बऱ्याच गाड्यांत सेन्सर थ्रॉटलच्या आधी असतो, आणि हवा त्या गरम कड्याजवळून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते. त्या नळ्या थ्रॉटलच्या पात्यावर बर्फ धरू नये म्हणून असतात. कडाक्याच्या थंडीत पातं चिकटलं तर महागात पडेल. सोडून द्या.


नवा_भिडू

माझी टर्बो पेट्रोल आहे. मलाही हे लागू का?


काटेकोर

तुमचं गणितच वेगळं. टर्बो हवा दाबतो तेव्हाच ती तापते. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडते १३० अंशांच्या पुढे. ती गार करायचं काम इंटरकूलरचं. तुम्ही इंटरकूलरच्या पंखांतला चिखल, पानं, किडे साफ करा आणि त्याच्या पुढचा वाऱ्याचा मार्ग मोकळा आहे ना ते बघा. नंबर प्लेट किंवा जास्तीचे दिवे आड आलेत का? हौस असेल तर काच धुवायच्या पंपाने इंटरकूलरवर पाण्याचा फवारा. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २२६० किलोज्यूल लागतात, त्यातले बरेचसे इंटरकूलरमधून निघतात. सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआयमध्ये तर असा फवारा कारखान्यातूनच यायचा. मात्र फवारा बाहेरून, इंजिनात पाणी सोडायचं नाही.


नवा_भिडू

आणि मायलेज वाढेल का यानं?


काटेकोर

नाही. थोडं उलटंच होऊ शकतं. हळू चालवताना हवा गरम आणि विरळ असेल तर तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, मग इंजिनाला हवा ओढायला कमी कष्ट. मायलेजवेडे लोक थंडीत मुद्दाम गरम हवा पाजतात ते म्हणून.


अर्धाक्लच (धागाकर्ता)

अपडेट. जरा मोठा आहे.

शनिवारी पीव्हीसीचा पाइप गरम पाण्यात मऊ करून दोन फळ्यांमध्ये दाबला आणि चपटा केला, म्हणजे वरच्या पट्टीवरून जाईल आणि बॉनेट बंद होईल. पहिला तुकडा इतका चपटा झाला की फेकावा लागला. दुसरा जमला. डब्याच्या बाजूला रबराची कड, पुढे जाळीमागे तिरकं कापलेलं तोंड, त्यावर बारीक जाळी. दोन केबल टाय आणि त्या रिकाम्या छिद्रात एक स्क्रू. फॉइल सगळी खरवडून काढली.

तोच रस्ता, तीच वेळ, बाहेर ३४-३५. जाऊन तीनदा, येऊन तीनदा. मग पाइप काढून पुन्हा दोन फेऱ्या, म्हणजे वाऱ्याचा किंवा नशिबाचा भाग कळावा. पाइप लावून ताशी ८० ला ४१. काढून ५३. परत लावून ४१-४२. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून एकटाच हसत होतो.

उभी असताना मात्र दहा मिनिटांनी ६२. सुधारणा आहे, पण अजून बरंच आहे.

टायमिंगही नोंदवलं. त्याच चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रॅफिकनंतर, आधीपेक्षा चारेक अंश पुढे. पाय ओढणं जवळजवळ गेलं.


ग्रीसबोटे

वा! पाइप काढून परत मोजलंत, ते सगळ्यात आवडलं.

उभ्या गाडीतले ६२ कुठून येतात सांगते. गाडी थांबली की पुढून वारा नाही. पंखा रेडिएटरमधून हवा मागे ढकलतो आणि तीच हवा रेडिएटरच्या कडेच्या फटींतून वळसा घालून परत पुढे येते. तुमचा स्नॉर्कल तिथेच तोंड उघडून बसलाय. धडकेच्या दुरुस्तीत कडेच्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याही गेल्या असतील. रेडिएटर आणि बॉडी यांच्यातल्या डाव्या, उजव्या आणि वरच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवा. पाणी न पिणारा फोम घ्या, पंख्यापासून लांब ठेवा, पुढचा जाळीचा भाग झाकू नका. एसीही सिग्नलला जास्त गार मारेल, तो बोनस.

आणि उभ्या गाडीतल्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. हवा कमी वाहत असते, तेव्हा सेन्सरची प्लास्टिकची बॉडीच तापून थोडं जास्त दाखवते.


तिरपा_आरसा

मी मागे क्लच घसरतोय म्हणालो होतो ते परत घेतो. माझ्याही गाडीचं बॉनेट उघडून बघितलं. स्नॉर्कल आहे, पण आत चिमणीचं घरटं वाटावं इतक्या काड्या आणि सुकी पानं. उंदराचं काम दिसतंय. साफ केलं. डोंगल मागवलंय.


अर्धाक्लच (धागाकर्ता)

फटी बुजवल्या. डावीकडे तर माझी चार बोटं जातील एवढी होती. उभी असताना दहा मिनिटांनी आता ५५, आणि निघाल्यावर दीड मिनिटात ४५ च्या खाली. कूलंटचा आकडा आहे तसाच, पंखा मात्र पूर्वीपेक्षा कमी वेळ फिरतो.

नळीने जाळीवर पाच मिनिटं पाणी मारूनही बघितलं, इंजिन बंद ठेवून. डबा उघडला तर तळाशी दोन-तीन थेंब, फिल्टर कोरडा. डब्याच्या तळाला एक बारीक भोक आहे ते मातीने बुजलं होतं, तारेने मोकळं केलं.

एकच नवी कटकट. ताशी ९० च्या वर पाइपच्या तोंडातून बाटलीत फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. कडा घासून गोल केल्या तर जाईल का?


ग्रीसबोटे

कडा गोल कराच, आणि तोंडावरची जाळी काढून परत एक फेरी मारून बघा. बऱ्याचदा शिट्टी जाळी मारते.